सरुबाईची घागर

शनिवार, १४ एप्रिल १९५६

आलो एकदाचे. रावेरहून बुऱ्हाणपूर म्हणजे पॅसेंजरने तासाभराचाही रस्ता नाही, पण आत्याने गल्लीतल्या प्रत्येक दाराशी थांबून असा निरोप घेतला की गाडी चुकता चुकता राहिली. लालबागचं स्टेशन, तिथून टांगा, आणि दोनच्या सुमाराला आश्रमाच्या फाटकाशी. उन्हाने डोकं तापलं होतं, तरी मी मनातून खूश होते. आताही आहे. लिहायला लाज कशाची?

जळगावला बाळंतिणींच्या दवाखान्यात सात वर्षं आया होते. तिथे जगात येणाऱ्यांचं केलं, इथे जायला निघालेल्यांचं करायचं. काम तेच. पुसा, भरवा, कूस बदला आणि वर बोलणी खा. पण तिथे आत्याला जवळ ठेवता येत नव्हतं. इथले व्यवस्थापक सुधाकरराव, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, त्यांनी माझी एकुलती एक अट पत्रात मान्य केली: मी चाकरी करीन आणि माझी आत्या धुरपदाबाई इथेच राहील. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तेव्हापासून मला आत्यानेच वाढवलं. आता तिला मोतीबिंदूने दिसत नाही. मला तिच्याशिवाय कोणी नाही, आणि तिला माझ्याशिवाय.

दोन लांब खोल्या, एक बायकांची, एक पुरुषांची. मधे अंगण, अंगणात निंब. एकोणीस म्हातारी माणसं, आत्या धरून वीस. स्वयंपाक आणि इतर सगळा कारभार आशाबाईंच्या हाती. अठरा वर्षं इथे आहेत. त्यांनी मला बाजारातल्या बैलासारखं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत गेल्या. आमचं जमेल असं वाटत नाही. बघू.

सोमवार, १६ एप्रिल

काम हाताखालून गेलं. पहाटे पाचला उठून सगळ्यांची तोंडं धुवायची, मग चहा, मग आंघोळी. ज्यांना उठवत नाही त्यांना खाटेवरच पुसून काढायचं, पाठीला खोबरेल चोळून पावडर लावायची, नाहीतर चट्टे पडतात. आशाबाईंचे यजमान भाईदास नऊ वर्षं लकव्याने पडून आहेत आणि पाठीवर एक फोड नाही. हे मात्र आशाबाईंचं कसब. पण त्यांना हात लावू देत नाहीत मला. पाणीसुद्धा स्वतः पाजतात. त्यांची घागरही त्यांच्याच खाटेखाली.

बाकीच्यांच्या घागरी पाण्याच्या खोलीत. इथे प्रत्येकाची घागर वेगळी, कारण माणसं अठरापगड जातींची, आणि मरायला टेकली तरी एकमेकांच्या हातचं पीत नाहीत. घागरीवर गेरूने नाव. लोटू पाणक्या सकाळी कुंडी म्हणतात त्या विहिरीवरून पाणी आणून सगळ्या भरतो. मागच्या ओट्यावर आणखी चार भरलेल्या घागरी आहेत. त्या कोणाच्या, म्हणून आशाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, त्यांना हात लावायचा नाही. बस. जसं काही मी सोनंच मागितलं.

सुकलालबाबा म्हणून एक आहेत, तुकईथडचे. दात एकही नाही, पण जीभ शाबूत. गुरुजी पेपर वाचून दाखवत होते की नवं राज्य होणार, राजधानी भोपाळ की जबलपूर ते ठरायचंय. सुकलालबाबा म्हणाले की ते या खाटेवरून हलले नाहीत, पण इंग्रजाचे होते ते नागपूरचे झाले, आता आणखी कोणाचे तरी होणार. देव तेवढा नेत नाही, त्याच्याकडची चिठ्ठी हरवली असेल. मी हसून हसून पाणी सांडलं.

बुधवार, १८ एप्रिल

कुंभार आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, येत नाही म्हणे. मग आत्याने पाणी प्यायचं कशातून? तीन दिवस माझ्या तांब्यातून पाजतेय. तिला ते आवडत नाही, आपली घागर नसली की आपण पाहुणे असं तिला वाटतं.

आज दुपारी आशाबाई डोळा लावून पडल्या होत्या. मागच्या ओट्यावरची एक घागर उचलली. सरुबाई असं नाव होतं. या नावाची कोणी इथे नाही, मी सगळी खोली मोजलीय. घागर घासली, नाव पुसलं, धुरपदाबाई असं लिहिलं, बायकांच्या ओळीत तिसरी मांडली. आत्याला हाताला धरून नेलं, काठ चाचपायला दिला. किती गोड हसली ती!

नियम करणाऱ्यांनी अडचणीचा विचार करायला नको का? आशाबाईंना कळलं तर कळलं.

शनिवार, २१ एप्रिल

कळलं आहे. काही बोलल्या नाहीत. घागरीसमोर उभ्या राहून नुसतं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी भांडायच्या तयारीत होते, पण त्या निघून गेल्या. उलट आज मला भाकरीवर लोणी वाढलं. ही बाई मला समजत नाही.

गुरुजींनी सांगितलं, मागच्या घागरी वर्षभरात गेलेल्यांच्या. ज्याला कोणी नाही त्याची घागर आखाजीला कोण भरणार? म्हणून आश्रमच त्या रोज भरून ठेवतो, आखाजीच्या दुपारी भटजी येऊन पूजा होते, पाणी पिंपळाच्या मुळाशी घालून घागर फोडतात. सरुबाई माघात गेली.

मला वाईट वाटलं. माहीत असतं तर घेतली नसती. पण नवीन मातीला आणि जुन्या मातीला तहान सारखीच, असं म्हणून मनाची समजूत घातली. सरुबाईला दुसरं एखादं मडकं भरून ठेवीन.

बुधवार, २५ एप्रिल

आत्याच्या घागरीतलं पाणी कोणीतरी चोरतं. सकाळी काठोकाठ भरलेली असते. आत्या दुपारपर्यंत दोन तांबे पिते. आणि तीन वाजता पाहावं तर घागर अर्धी. बाकी कोणाची नाही, फक्त तिची.

लोटूला विचारलं तर तो गळ्याची शपथ घेतो. माझा संशय आशाबाईंवर आहे. लोणी काय उगाच वाढतं कोणी? मी नसताना त्या पाण्याच्या खोलीच्या खिडकीशी दोनदा दिसल्या. आत जात नाहीत. बाहेरून पाहतात.

आत्याचे ओठ फुटलेत. ऊन आहे, होतं असं.

रविवार, २९ एप्रिल

गुरुजींकडून पाण्याच्या खोलीची किल्ली मागून घेतली. आज जेवणं झाल्यावर आत्याची घागर स्वतः भरली, आतून पाण्याच्या रेघेवर गेरूची खूण केली, झाकणी ठेवली, आतून कडी लावून समोर बसले. ही वहीही घेऊन बसले, झोप येऊ नये म्हणून.

बाहेर कडक ऊन, सगळा आश्रम निजलेला. खोलीत गारवा. मी घागरीवरून नजर काढली नाही. झाकणी हलली नाही. कोणी आलं नाही.

पण घोट घेतल्याचा आवाज आला. एक, मग थोडं थांबून दुसरा. घाई नसलेल्या माणसासारखा. मला वाटलं मीच आवंढा गिळला. झाकणी काढून पाहिलं तर पाणी खुणेच्या चार बोटं खाली होतं.

घागर पाझरत असेल म्हणून तळ पाहिला. कोरडा. ओटा कोरडा.

हे मी कोणाला सांगणार नाही. लोक म्हणतील, रावेरची बाई उन्हाने भ्रमली.

बुधवार, २ मे

आत्या सात तांबे पिते आणि तहान जात नाही. जीभ लाकडासारखी. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले वय आहे, लिंबू-साखर द्या.

आशाबाईच काहीतरी घालतात पाण्यात. दुसरं काय असणार? आवाजबिवाज माझ्या मनाचा खेळ. मी गुरुजींना सरळ विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. म्हणाले की आशाबाईंबद्दल तसं बोलू नये, मात्र नऊ वर्षांपूर्वी भाईदासांनाही अशीच तहान लागली होती. मग बरी झाली. कशी, ते त्यांनी विचारलं नाही. आणि मीही विचारू नये असं त्यांना वाटत होतं, हे मला दिसलं.

आजपासून आत्याला माझ्याच तांब्यातून पाजते. त्या घागरीतलं बंद.

शनिवार, ५ मे

काही फरक नाही. घागरीतलं ती थेंबभर पीत नाही, तरी घागर रिकामी होते आणि आत्या वाळत जाते.

आज भरवताना म्हणाली की ती बाई बरी आहे, पण आधी ती पिते मग मला मिळतं. मी विचारलं कोण बाई. आत्या म्हणाली, शेजारी बसते ती. दिसत नाही मला, पण तांब्याला हात लावला की तिचा हात आधीच असतो. गार असतो.

मी तांब्या टाकून बाहेर आले आणि निंबाखाली उभी राहून रडले. मला भीती वाटते. लिहून टाकते, मला फार भीती वाटते.

सोमवार, ७ मे

आज चुलीपाशी आशाबाईंचा हात धरला आणि म्हटलं, काय घालता पाण्यात ते सांगा, नाहीतर चौकीवर जाते. त्यांनी हात सोडवला नाही. भाकरी तव्यावर जळत होती. हळू बोलल्या, मला शब्द न् शब्द आठवतो.

"मी काही घालत नाही, पोरी. घागर सरुबाईची. नाव तुझ्या आत्याचं. आता सरुबाईले पाणी कोन पाजू राहिलं? तुझी आत्या."

मी म्हटलं, मग मी नाव पुसून सरुबाईचं पुन्हा लिहिते.

"लिहून पाह्य. एकदा जित्या माणसाकडून पिली ना, मंग तिले जितंच लागतं."

फोडून टाकते म्हटलं. त्यांनी मान हलवली. आखाजीआधी फोडली तर तिला जायला वाट राहत नाही, ती कायमची आत्याजवळ बसेल. आखाजीच्या दुपारी, भटजीच्या हातून, तेव्हाच सुटते. तोवर आत्या टिकली तर टिकली.

आखाजी तेरा तारखेला. सहा दिवस.

मग मी विचारलं, भाईदास कसे टिकले? आशाबाईंनी जळकी भाकरी खाली काढली, कुत्र्याला टाकली. म्हणाल्या की त्या वर्षीही कुंभार आला नव्हता. आणि नाव दुसरं टाकता येतं. एवढंच. कोणाचं टाकलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण भाईदासांच्या शेजारची खाट रिकामी आहे, ती कोणाला दिली जात नाही, हे मी आल्यापासून पाहतेय.

मंगळवार, ८ मे

सरुबाईचं नाव लिहून पाहिलं. व्यर्थ. संध्याकाळी पुन्हा आत्याचं लिहिलं. का, ते मला सांगता येत नाही. तिचंच नाव उतरलं हातातून.

झोप नाही. डोक्यात एकच. आशाबाईंना एकवीस तारखेलाच कळलं होतं, सोळा दिवस त्या गप्प राहिल्या. का? कारण मी नाव बदलायला निघाले असते, आणि कोणाचं टाकलं असतं कोणास ठाऊक. म्हणून लोणी. म्हणून भाईदासांची घागर खाटेखाली. त्या मला भितात. आणि मी त्यांना. दिवसभर त्या दारात बसून माझ्या हातांकडे पाहतात, गेरू लागलाय का म्हणून.

गुरुवार, १० मे

आत्या ओळखत नाही. मला आई म्हणते. पाणी दे आई.

तिने मला वाढवायला काय काय केलं — लोकांची धुणी, शेंगा फोडणं — डोळे त्यातच गेले. आणि मी तिला इथे आणून — मीच —

तीन दिवस. ती तीन दिवस काढणार नाही. मी माणसं जाताना पाहिली आहेत. मला कळतं.

शुक्रवार, ११ मे

सुकलालबाबा आज पुन्हा म्हणाले, देव नेत नाही. रोज म्हणतात. एकही दिवस चुकला नाही, मी आल्यापासून. ऐंशीच्या वर वय. बायको नाही, पोर नाही. जो रोज मागतो त्याला —

मी मुद्दाम विचारलं, बाबा, खरंच जावंसं वाटतं? ते म्हणाले, आज ने म्हटलं तर आज.

विचारलं मी. विचारून केलं.

दुपारी दोन वाजता. कडी लावून. आत्याचं नाव पुसलं. त्यांचं लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

बाहेर आले तर आशाबाई दारात. माझ्या बोटांकडे पाहिलं. पदराने माझी बोटं पुसली. आईने पुसावी तशी. मी हात ओढून घेतला.

शनिवार, १२ मे

आत्या उठून बसली. पेज प्यायली. मला विमे म्हणाली. उद्या आखाजी ना, सांजोऱ्या करशील का, म्हणाली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून किती वेळ पडून होते. आनंद झाला. खरं लिहिते, फक्त आनंदच झाला.

संध्याकाळी — पुरुषांच्या खोलीतून हाक येते. पाणी. पाणी. मी गेले नाही. लोटू पाजत होता. मग तोही आखाजीला गावी गेला, धूलकोटला.

मग गेले. सुकलालबाबांनी माझं मनगट धरलं. केवढी ताकद. म्हणाले —

"बाई, मले वाचव. ते मी गंमतीनं म्हनत व्हतो. साऱ्यायले हासवायले म्हनत व्हतो."

मी हात सोडवला. खोटं नाही लिहिणार — बोटं एकेक करून सोडवली.

एक दिवस फक्त. उद्या बारा वाजता भटजी. टिकतील. टिकायला हवेत.

रविवार, १३ मे. सकाळ

आत्याने रात्रभर त्यांच्या हाका ऐकल्या. पहाटे मला विचारलं, त्याच्या पाण्यात काय झालंय ग. मी म्हटलं, काही नाही. मग ती म्हणाली की ती गार हाताची बाई काल उठून गेली, कुठे गेली? मी बोलले नाही. आत्याला दिसत नाही, पण मी गप्प बसले की तिला सगळं कळतं. लहानपणापासून.

एवढंच म्हणाली — "मी तुले असं नाही शिकवलं, विमे."

आंघोळी घालायला गेले. परत आले तर आत्याची खाट रिकामी.

आठ वाजता

आत्या पाण्याच्या खोलीत. दार मी उघडं टाकलं होतं — घाईत. भिंत धरत धरत गेली. तिसरी घागर. तिच्यासमोर बसलेली. तळहात लाल.

नाव पुसलंय तिने. ओल्या हाताने. सगळं. म्हणाली, आता कोणाचंच नाही, आता कोणाला त्रास नाही.

मी आशाबाईंना हाक मारली. त्या आल्या. पाहिलं. खाली बसल्या. नाव नसलं तर काय होतं ते त्यांना ठाऊक नाही. पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर — माझ्यासारखीच भीती.

नऊ

सुकलालबाबा शांत झाले. झोपले. बरं वाटलं.

मग बायकांच्या खोलीतून एक हाक. मग दुसरी.

साडेनऊ

सगळे. वीसच्या वीस जण. पाणी. पाणी. भाईदास, नऊ वर्षं ज्यांच्या तोंडून शब्द नाही, तेसुद्धा. आशाबाई त्यांच्या खाटेखालची घागर ओढून पाजताहेत आणि ती रिकामी आहे. सकाळी त्यांनीच भरलेली. सगळ्या रिकाम्या. ओळीने झाकण्या काढल्या, एकेक. कोरड्या.

फक्त ती एक भरलेली. काठोकाठ.

दहा

गुरुजी भटजींना आणायला धावले. शहरातून यायला दीड तास. दीड तास हे लोक काढणार नाहीत. आत्या माझ्या पायाशी पडली आहे. जीभ बाहेर. मलाही — घसा असा की थुंकी येत नाही.

आशाबाई दारात उभ्या. म्हणतात नाव टाक. कोणाचं तरी एकाचं टाक, बाकी सुटतील. टाक, नाहीतर मी टाकते. कोणाचं टाकतील ते मला माहीत आहे. माझ्या आत्याचं.

कडी लावून घेतली. आत मी आणि आत्या आणि

घोट घेते आहे. माझ्या शेजारी. ऐकू येतं.

गेरू कालवलेला आहे. घागर पुढ्यात ओढली. माझं लिहायचं. दुसरं कोणाचं लिहिणार? तीच एक गोष्ट बरोबर आहे, आणि मला ती कळते, देवा, चांगली कळते, पण बोट टेकवलं की सु — सुकलालचा सु येतो. पुसलं. पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच. विमल लिहायचं, वि, वेलांटी आधी, किती सोपं, आत्यानेच हात धरून गिरवून घेतलं होतं आणि माझा हात